पाण्याखालचा अक्कागुड्डा

ऑफिस चालू असताना किस्से होत नाहीत. तेव्हा नुसते खोळंबे होतात, चुका होतात, कुणीतरी कुणावर तरी रुसून बसतं. ऑफिसला कुलूप लागलं की त्याच गोष्टींचे किस्से होतात, आणि ते इतके साठतात की सांगायचे कुणाला हा प्रश्न पडतो. ज्यांना ऐकून खरी मजा आली असती, ते सगळे किस्स्यांच्या आतच बसलेले असतात.

आमचं ऑफिस धारवाडात, मळमड्डीत होतं. कित्तूरकर सरांच्या घराचा वरचा मजला. सर भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची थोरली बहीण राहत; मुलगा पुण्यात असायचा. तिला सगळी मळमड्डी अक्का म्हणायची, म्हणून आमच्याही त्या अक्काच. वर आम्ही तिघं. हिरेमठ स्कॅनर आणि कॉम्प्युटर सांभाळायचा. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि कॉम्प्युटर अडला की त्याच्याशी पुन्हा कन्नड. सुमेधा हुबळीहून रोज बसनं यायची, भूभौतिकीत एम.एस्सी. झालेली. तिसरा मी, पोतदार. आधी जवळच्याच बेलूरच्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंगं काढायचो. समुद्राखालच्या थरांपर्यंत कसा पोचलो म्हणाल, तर सरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि उठलोच नाही.

काम असं होतं. फार पूर्वी गोवा-कारवारच्या समोर समुद्रात सर्वेक्षणाची जहाजं फिरली होती. जहाजामागून पाण्यात हवेचा बार उडवायचा. आवाज समुद्राच्या तळातून खाली जातो, प्रत्येक थरावर आपटून परत येतो, आणि परत आलेला आवाज कागदावर रेघांनी उमटतो. अशा कागदांची लांबलचक भेंडोळी आमच्याकडे यायची. ती स्कॅन करायची, थर ओळखून त्यांवर रेघा मारायच्या. किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंत पाण्याखाली जो उथळ, रुंद कट्टा असतो, त्याला आम्ही शेल्फ म्हणायचो. तो शेल्फ करोडो वर्षांत कसा घडत गेला यावर सर एक पुस्तक लिहीत होते. पोटापाण्याची कामं करून उरलेला सगळा वेळ त्या पुस्तकाचा.

तारखा सगळ्या माझ्याकडे लिहिलेल्या आहेत. पण तारीख घातली की किस्सा हजेरीपटासारखा होतो, म्हणून घालत नाही.

*

एकदा विजेचा मीटर बघायला माणूस आला. जिन्यातून वर डोकावला. भिंतभर पसरलेले कागद, त्यावर काळ्या नागमोडी रेघा, आणि त्यांपुढे भिंग घेऊन उभा असलेला मी.

"काय चालतं इथं?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

हिरेमठ म्हणाला, "समुद्राच्या तळाखाली काय आहे ते बघतो."

"धारवाडात बसून?"

"समुद्रावर गेलं की नुसतं पाणी दिसतं हो."

त्या माणसानं थोडा विचार केला. "ते खरं आहे," म्हणाला, आणि मीटर न बघताच गेला.

तसे आमच्यापैकी एकटे सर जहाजावर जाऊन आले होते, तेही तरुणपणी, बोट लागत असताना. सुमेधाला त्याचं फार अप्रूप. तिनं एकदा विचारलं, "सर, जहाजावरचं काय आठवतं तुम्हाला?"

सरांनी बराच वेळ आठवून बघितलं. मग म्हणाले, "बादली निळी होती."

*

सुमेधा मुलाखतीला आली तो दिवस.

आमच्या कागदांत एक मोठी मेख असते. कागदावर वरून खाली जे मोजलेलं असतं ते अंतर नसतं, वेळ असतो. आवाजाला जाऊन परत यायला लागलेला वेळ. चिखलातून आवाज सावकाश जातो, चुनखडीतून पळतो. त्यामुळे चुनखडीच्या जाड राशीखाली एखादा थर असला, की त्याचा आवाज लवकर परत येतो आणि कागदावर तो थर वर उचलल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो असतो सपाट. सर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिला धडा हाच शिकवत.

सुमेधासमोर त्यांनी तो फळ्यावर शिकवला नाही. आम्हा दोघांना जिन्यात नेऊन हळूच हिरेमठला म्हणाले, "तू बाइकवरनं रायापूरला जा. पोतदार, तुम्ही बसनं जा. पोचल्यावर दोघांनी फोन करायचा."

आम्ही निघालो. हिरेमठचा फोन लगेच आला. सरांनी सुमेधाला विचारलं, "सांग, रायापूर किती लांब आहे?"

ती म्हणाली, "हे कशावरनं गेले ते आधी कळू दे सर. नुसत्या फोनवरनं कसं सांगणार?"

"उद्यापासून ये," सर म्हणाले.

मी तोपर्यंत बसमध्येच होतो. पुढे कुणाच्या तरी लग्नाची वरात आडवी आलेली. शेवटी रायापूरला उतरून फोन केला, "सर, पोचलो."

"कुठं पोचलात?" सर म्हणाले. "चहा निवतोय इथं तुमचा."

*

हिरेमठनं एकदा एक भेंडोळं उलट्या बाजूनं स्कॅन केलं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. म्हणजे शेल्फचा उतार पश्चिमेला अरबी समुद्राकडे जायच्या ऐवजी पूर्वेला, आमच्याकडे यायला लागला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मी दोन दिवस बसून त्यावर सुरेख रेघा मारल्या.

सर आले. कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर उभे राहिले. हात मागे बांधलेले.

"हिरेमठ, पोतदारांनी समुद्र धारवाडात आणून सोडलाय."

हिरेमठनं मान वाकडी करून पडदा बघितला. चूक त्याच्या ध्यानात आली. पण कबूल करायच्या आधी तो म्हणाला, "बरली बिडरी सर. येऊ दे की. मळमड्डीत नळाला तरी पाणी येईल."

त्या आठवड्यात नळ आलाच नव्हता. खालून अक्कांचा आवाज आला, "कुठंपर्यंत आलाय विचार त्याला. बादल्या लावून ठेवते."

*

आमच्याकडे एक पद्धत होती. समुद्राखालच्या दऱ्याखोऱ्यांना कागदोपत्री नुसते नंबर असत. पण ज्यानं एखाद्या गोष्टीवर पहिली रेघ मारली, त्यानं तिला एक घरगुती नाव ठेवायचं. कारवारच्या समोर गाळात बुजलेली एक जुनी नदी होती, कारण नसताना वळणं घेत गेलेली. तिला मी नाव दिलं 'हिरेमठची बाइक'. हिरेमठनं त्याचा सूड घेतला. एक भेग होती, जोरात सुरू होऊन मध्येच संपणारी. तिचं नाव पडलं 'पोतदारांचं वाक्य'. एक पातळ थर मध्येच नाहीसा व्हायचा आणि फार पुढे गेल्यावर पुन्हा दिसायचा. सुमेधानं त्याला 'हुबळीची बस' म्हटलं.

सरांनी मात्र कशालाच नाव दिलं नव्हतं. विचारलं की म्हणत, "तसं काही सापडू दे."

आणि मग सापडलं. शेल्फच्या बाहेरच्या काठाजवळ, गाळाखाली, पोवळ्यांनी बांधलेली चुनखडीची मोठी रास. एकेकाळी तिथं समुद्र उथळ होता. तळ हळूहळू खचत गेला आणि पोवळी उजेडासाठी वर वर बांधत गेली. पुढे खचण्याचा वेग वाढला, पोवळी हरली, वर चिखल बसत गेला. एवढं आम्हालाही दिसत होतं. सरांना त्या राशीच्या खाली आणखी काहीतरी दिसलं. जुन्या कठीण खडकाचा डोंगर. सगळी पोवळी त्याच्या माथ्यावर उभी.

"सर, चुनखडीमुळं तसं दिसत नसेल ना?" सुमेधानं तेव्हाच विचारलं होतं.

"तेही धरलंय मी," सर म्हणाले. "तेवढं वजा केलं तरी डोंगर उरतो."

त्यांनी पेन्सिल घेतली, पडद्यावर काढायच्या ऐवजी कागदावरच रेघ मारली, आणि हळूच म्हणाले, "अक्कागुड्डा." गुड्डा म्हणजे कन्नडमध्ये डोंगर. सरांचे आई-वडील ते लहान असतानाच गेले. अक्कांनी प्राथमिक शाळेत मास्तरकी करून त्यांना शिकवलं, स्वतः लग्न केलं नाही. हे सरांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही. गल्लीतल्या लोकांनी सांगितलेलं.

त्या दिवसापासून पुस्तकाचा रोख बदलला. शेल्फच्या काठाला डोंगर होता म्हणजे काठ एकदा वर उचलला गेला होता, त्यामागे गाळ अडला होता, सगळा इतिहास त्यावरून फिरत होता. एक अख्खं प्रकरण त्या डोंगरावर उभं राहिलं. नकाशावर नाव छापून येणार होतं, अक्कागुड्डा. इतक्या वर्षांत सर स्वतःसाठी काही मागताना मी बघितले नाहीत, पण तो नकाशा त्यांना अक्कांच्या हातात द्यायचा होता, आणि अक्कांचं वय होत चाललं होतं.

ते सांगायला सर खाली गेले तेव्हा मीही बरोबर होतो. अक्का मेथी निवडत होत्या.

"अक्का, एका डोंगराला तुझं नाव दिलंय. पुस्तकात येणार."

"कुठला डोंगर?"

"कारवारच्या समोर. समुद्राखाली."

"तळावर?"

"तळाच्याही खाली. गाळात पुरलाय."

अक्कांनी मेथीची काडी मोडली. "बरं केलंस. वर असता तर शाळांच्या सहली आल्या असत्या."

*

मळमड्डीतली जुनी घरं पाडून फ्लॅट बांधणारे लोक अधूनमधून येत. त्यांतला एक फार चिवट होता. दर महिन्याला यायचा, अक्कांच्या पाया पडायचा, चहा प्यायचा आणि घर मागायचा.

"एवढं मोठं घर काय करायचं अक्का? तुमचं म्हणून आणखी काय आहे?"

"आहे की," अक्का म्हणाल्या. "कारवारजवळ माझा डोंगर आहे."

तो सावरून बसला. "डोंगर? सर्व्हे नंबर काय?"

अक्कांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "बंडू, माझ्या डोंगराचा नंबर काय रे?"

सरांना वाटलं अक्कांना सहज जाणून घ्यायचं आहे. त्यांनी वरूनच जहाजाच्या सर्वेक्षणाचा लाइन नंबर ओरडून सांगितला. त्या माणसानं तो मोबाइलमध्ये टिपून घेतला.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "अक्का, कारवारला माणूस पाठवून चौकशी केली. त्या नंबरची जमीन कुठं दिसत नाही म्हणतात."

अक्का म्हणाल्या, "ओहोटीला बघायला सांगा."

*

तो डोंगर अक्कांना निदान लांबून दाखवावा, असं सरांच्या मनात आलं. गाडी ठरवून आम्ही सगळे कारवारला गेलो. अक्कांनी समुद्र बघितला नव्हता असं नाही. पण बघितला तो सहलीत, आणि पोरांची डोकी मोजण्यात समुद्र राहून गेला होता.

वाळूत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून अक्कांना बसवलं. ढग होते. सर छत्री पुढे करून सांगत होते, "हे बघ, इथून पाणी उथळ आहे. असंच लांबवर जातं. मग एकदम खोल. त्या काठाच्या अलीकडे तुझा डोंगर."

"बोटीनं किती लांब?"

"अर्धा दिवस तरी."

अक्का बराच वेळ समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथनं बघा नाहीतर मळमड्डीतनं बघा, सारखंच दिसतंय."

सरांची छत्री खाली आली. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा पूर्वी बघितला नव्हता.

अक्कांनी वळून त्यांच्याकडे बघितलं. परत समुद्राकडे बघितलं. "पण दिसतंय," म्हणाल्या. "दिसतंय हं."

परतीच्या वाटेवर गाडीत एकटे सरच बोलत होते. त्या दिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं काढला असेल.

*

हा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण तो टाळला तर पुढचा कळणार नाही.

डोंगरापासून जवळ एक जुनी विंधनविहीर होती, समुद्रात खणलेली. तिच्यात आवाजाचा वेग थराथराला मोजलेला होता. ते आकडे पूर्वी आम्हाला मिळाले नव्हते; सरांनी अंदाजाचा वेग धरला होता. एका कामाच्या निमित्तानं ते आकडे आले. सर्वेक्षणातला वेळ त्या आकड्यांनी खोलीत बदलून बघायचं काम सुमेधाकडे होतं. सर त्या दिवशी बँकेत गेले होते.

"पोतदार काका, जरा इकडं या," ती म्हणाली.

पडद्यावर पोवळ्यांची रास होती तशीच होती. तिच्या खाली थर सरळ गेला होता. डोंगर नव्हता. ती चुनखडी सरांच्या अंदाजापेक्षा फार घट्ट होती. आवाज तिच्यातून जोरात पळाला होता आणि त्यानं खालचा थर उचलून दाखवला होता. पहिलाच धडा.

हिरेमठ म्हणाला, "परत चालव."

परत चालवलं. सपाट.

"कॉम्प्युटर बंद करून चालू करूया."

केला. सपाट. तो कॉम्प्युटरशी कन्नडमध्येही बोलून बघून थकला.

कुणीतरी सरांना सांगायला हवं होतं. सुमेधा म्हणाली, "माझी नोकरी त्यांनी ह्याच धड्यावर दिली. मी कुठल्या तोंडानं सांगू?" पण तिलाच सांगणं भाग होतं, त्या प्रकरणावर सरांच्या बरोबरीनं तिचंही नाव होतं, आणि चुकीचं छापून गेलं असतं तर सरांचं वय झालं म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं, तिला नसतं सोडलं. मी म्हटलं, मी सांगतो. आठवडा गेला. मग हिरेमठ म्हणाला, "तुम्ही दोघं राहू द्या. सरळ सांगून टाकायचं असतं."

तो सरांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"सर, तो डोंगर."

सरांनी मान वर केली. "हं. काय?"

"छान आहे सर."

"बरं," सर म्हणाले आणि खाली बघून लिहायला लागले. हिरेमठ जागेवर येऊन बसला आणि त्यानं कारण नसताना स्कॅनरची काच पुसली.

सरांचंही त्या दिवसांत काहीतरी बिनसलेलं होतं. डोंगराचं प्रकरण सोडून ते दुसरीच प्रकरणं काढून बसत. नकाशातली अक्षरं मला पुन्हा पुन्हा बदलायला लावत. कधी ठसा जाड पाहिजे, कधी बारीक. छापायला पाठवायचं कधी, असं विचारलं की म्हणत, "घाई काय आहे?" घाई त्यांनाच होती आजवर.

*

पुस्तक पुढे निघालं. पातळ निघालं, त्या प्रकरणाशिवाय. निघालं तेव्हा अक्का नव्हत्या. त्यानंतर सरांचं कामात मन लागेना. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. वरच्या मजल्यावर आता बँकेच्या परीक्षांचा क्लास चालतो. हिरेमठ हुबळीत एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बघतो, सुमेधा परदेशी गेली. भेंडोळी ज्यांची होती त्यांना परत केली. मळमड्डीतून जाताना मी अजून त्या जिन्याकडे बघतो, आणि जिन्यात चपलांचा ढीग दिसला की वाईट वाटतं. आमच्या वेळी चार जोड असायचे.

एक किस्सा राहिला. सगळ्यांत चांगला तो आहे, आणि तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

अक्कांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे त्या वर कधी येत नसत. संध्याकाळी आम्ही जिना उतरलो की दारात बसलेल्या असत, आणि सर मागून आले की त्यांना रोज विचारत, "काय रे, आज डोंगर काय म्हणतो?" सर सांगत, आज अमुक कापून बघितला, आज तमुक बाजू काढली. त्या ऐकून घेत.

त्या दिवशी सर लवकर खाली गेले होते, औषधं आणायला दुकानात. आम्ही तिघं उतरलो. सर नाहीत म्हणून अक्कांनी सुमेधालाच विचारलं, "काय ग, डोंगर काय म्हणतो?"

सुमेधा पायरीवरच बसली आणि रडायला लागली.

अक्कांनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "पडला काय?"

"नव्हताच अक्का. कधीच नव्हता. तसा नुसता दिसत होता."

"पोवळी?"

"ती आहेत. ती सपाटीवर उभी आहेत."

अक्कांनी पदराच्या टोकाची घडी घातली, उलगडली. "बंडूला ठाऊक आहे?"

"नाही. आम्हाला सांगायला होत नाही."

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "घरी जा तू. बस चुकेल तुझी."

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी. आम्ही धावलो, पण अक्कांनी काठीनंच आम्हाला बाजूला केलं. वर येऊन त्यांनी श्वास घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं ऑफिस बघत होत्या. पण त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही. सरळ सरांच्या टेबलापाशी गेल्या.

सर दचकून उठले. "अक्का, वर कशाला आलीस? हाक मारायची होतीस."

"एक सांगायचं होतं. त्या डोंगराला माझं नाव नको."

"का?"

"का म्हणजे? गुडघे बघ माझे. एक जिना चढून आले तर हे असं होतंय. डोंगर बिंगर मला नको. माझं नाव आपलं कुठंतरी सपाटीला दे."

सुमेधानं माझा शर्ट मागून धरला होता. हिरेमठ भिंतीला टेकला होता. सरांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, परत घातला.

"सपाटच आहे अक्का तिथं," सर म्हणाले.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. अक्कांनी आमच्याकडे बघितलं नाही.

"तुला कधी कळलं?"

"गणपतीच्या आधीच. ते नवे आकडे आले त्याच दिवशी घरी बसून हातानं करून बघितलं."

"आणि इतके दिवस बोलला नाहीस?"

सर खालच्या आवाजात म्हणाले, "तू रोज विचारत होतीस."

अक्का काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. भावाकडे बघत होत्या, गृहपाठ विसरून आलेल्या पोराकडे बघावं तसं.

"मी काय डोंगराचं विचारत होते होय रे?"